बाटलीतली हवा

तळघराला नऊ पायऱ्या, दिवा एकच, तोही लाल.
हाप्सालूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं,
त्यामुळे वरच्या आणि खालच्या जगात
तसा फारसा फरक नव्हता.

तार्तूहून मेलिका आली होती
बाबांचं सामान न्यायला. विद्यार्थिनी, रबरी हातमोजे घातलेली.
मी म्हटलं, सगळं ने, मला यातलं काही कळत नाही.
ती एकेक बाटली उचलून दिव्यासमोर धरायची
आणि पुटपुटायची,
आजाऱ्याला 'झोप लागली का' विचारावं तशी.

दारामागे बाबांचं अक्षर:
खाण्याच्या बरणीत विष नाही, विषाच्या बरणीत खाणं नाही.
खाली हेरिंगची रिकामी बरणी, स्वच्छ घासलेली,
आत काहीही न ठेवलेली.

फळीच्या मधोमध खडूची रेघ.
डावीकडे 'अ', हिरवट, लोहाचं पाणी.
उजवीकडे 'ब', पिवळं, उन्हाळ्यातल्या लघवीसारखं
(हे मी म्हटलं, ती हसली नाही).
वेगवेगळ्या ठेवल्या तर वर्षं काढतात, ती म्हणाली,
एकत्र केल्या की जेमतेम एक दिवस.
जे निळं करायचं ते त्याच दिवसात करून घ्यायचं.
आई तालिनला राहायची.
मी पायरीवरची धूळ बुटानं पुसत राहिलो.

'अ'वर बुरशीची साय आली होती.
कॉफीच्या कागदातून तिनं ती गाळली, वास घेतला,
चालेल, म्हणाली.

चांदीची बाटली काळ्या कापडात, कपाटाच्या पोटात.
हिला प्रकाश वर्ज्य. फक्त गढूळली की
उन्हात ठेवायची, घाण काळी होऊन तळाशी बसते.
चिठ्ठीवर बाबा: चौदा जून. उन्हात ठेवली. गाळ बसला. बरी आहे.
माझ्या गोवराची तारीख
त्यांनी कुठे लिहिल्याचं मला आठवत नाही.

मग मागच्या रांगेतली एक तपकिरी बाटली तिनं हलवली
आणि आत काहीतरी खुळखुळलं.

डेव्हलपर, ती म्हणाली. अर्धा वापरला की वर हवा बसते,
हवेनं औषध मरतं. म्हणून आत गोट्या टाकतात.
जेवढं ओतलं तेवढ्या गोट्या,
पातळी पुन्हा गळ्याशी.

मी बाटली हातात घेतली.
काच तपकिरी असली तरी
दुधी गोटीतली निळी शीर ओळखू येते.
मामानं तुर्कूहून बोटीवरनं आणल्या होत्या, त्रेचाळीस,
एका लोकरी मोज्यात.
मी नऊ वर्षांचा होतो.
चोर कोण ते मी युलोच्या नाकावर मुठीनं ठरवलं होतं,
शाळेमागे, बर्फावर लाल थेंब, सगळ्यांसमोर.
त्या संध्याकाळी बाबा जेवणावर म्हणाले होते,
मित्रावर हात उचलू नये.
एवढंच म्हणाले. ब्रेड कापला.
बोटं त्यांची नेहमीसारखी काळी.

युलो आता रोहुक्युलाला फेरीची तिकिटं फाडतो.
बत्तीस वर्षं मी बेटावर जाताना
पैसे मोजून देतो, म्हणजे त्याला सुटे काढावे लागत नाहीत,
आणि आम्हाला बोलावं लागत नाही.

औषध केव्हाच मेलेलं होतं, चहासारखं लाल.
मेलिकानं ते टाकाऊ डब्यात ओतलं,
गोट्या नळाखाली धरल्या, तीनदा, माझ्याकडे दिल्या.
तुमच्याच ना, म्हणाली.

तिची गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात
टॉवेल अंथरून मोजल्या.
पुन्हा मोजल्या. दिवा लावून, चष्मा लावून.

बेचाळीस.

बाटलीत बोट घालून पाहिलं. सिंकच्या जाळीत पाहिलं.
खाली जाऊन लाल दिव्यात रिकामी फळी चाचपली,
खडूची रेघ पुसली गेली तळहातानं.

शुक्रवारी बेटावर जायचं आहे.
खिशात एक घेऊन जाईन, देईन, माफी मागेन,
हे सगळं ठरलं होतं बेचाळीस होईपर्यंत.